एम. ए. इंग्रजीचा अभ्यास कोणत्या क्रमाने करायचा: आधी कान आणि वाक्य, मग मूळ कृती, गाईड सगळ्यात शेवटी

एम. ए. इंग्रजीची मुलं अभ्यास करत नाहीत असं मी म्हणणार नाही. करतात, पण उलट्या क्रमाने. आधी गाईड, मग सिनियरच्या झेरॉक्स नोट्स, मग यूट्यूबवरचा सारांश आणि वेळ उरलाच तर मूळ पुस्तक. भाषाशास्त्राचा पेपर ‘स्कोअरिंग आहे, शेवटी बघू’ म्हणून बाजूला ठेवलेला असतो आणि तो शेवटपर्यंत बाजूलाच राहतो. परिणाम असा की साहित्याच्या उत्तरात कथानकापलीकडे लिहायला काही सापडत नाही, आणि भाषेच्या पेपरात पाठ केलेल्या व्याख्यांपलीकडे.

भाषेचा पेपर आणि साहित्याचे पेपर हे वेगळे विषय आहेत, ही समजूतच इथे नडते. भाषेच्या पेपरात जी हत्यारं मिळतात तीच साहित्याच्या पेपरात चालवायची असतात. म्हणून एकच जाड वही करा आणि खालच्या क्रमाने चला. हा क्रम मुख्यतः मराठी माध्यमातून आलेल्या आणि बी. ए.ला स्पेशल इंग्लिश कसंबसं पार केलेल्या विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून लावला आहे. मीही त्यातलाच.

## टप्पा १: पुस्तक उघडण्याआधी पानांचा हिशोब

१. आपल्या विद्यापीठाच्या (कॉलेज स्वायत्त असेल तर कॉलेजच्या) संकेतस्थळावरून चालू वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून छापून घ्या. सिनियरकडून मागू नका. २०२३-२४ पासून राज्यातल्या विद्यापीठांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम नव्या शैक्षणिक धोरणाच्या साच्यात गेले. संशोधनपद्धती, ऑन-जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रीय प्रकल्प, शेवटच्या सत्रांत संशोधन प्रकल्प असं बरंच नवं आलं. त्याआधीच्या नोट्स आणि जुन्या प्रश्नपत्रिका आजही बाजारात बिनदिक्कत विकल्या जातात.

२. नेमलेल्या कृतींचे तीन ढीग करा: एक कादंबऱ्यांचा, एक नाटकांचा, एक कविता आणि निबंधांचा.

३. आता स्वतःचा वाचनाचा वेग मोजा. नेमलेल्यांपैकी सगळ्यात जुनी कादंबरी घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, घड्याळ लावून अर्धा तास वाचा आणि पानं मोजा. समजा तासाला १४ पानं झाली. म्हणजे ३५० पानांच्या कादंबरीला २५ तास. रोज दीड तास दिला तर १७ दिवस. अशा तीन कादंबऱ्या असतील तर ५१ दिवस, आणि हे एकदाच वाचण्याचं गणित आहे. सत्र असतं चार-साडेचार महिन्यांचं, त्यात गणपती, दिवाळी आणि इंटर्नल.

म्हणून सगळ्यात लांब कादंबरी सत्र सुरू होण्याआधी किंवा पहिल्या तीन आठवड्यांत संपवायची. कविता छोट्या दिसतात म्हणून बहुतेक जण त्यांच्यापासून सुरुवात करतात आणि परीक्षेच्या आठवड्यात ४०० पानांची कादंबरी समोर उभी राहते. मग गाईड घेण्यावाचून मार्ग नसतो.

तपासा: प्रत्येक कृतीसमोर पानं, लागणारे तास आणि संपवण्याची तारीख लिहिली का? तारीख नसेल तर हा टप्पा झालेला नाही.

## टप्पा २: साधनं जमवा, पण मोजकीच

शेक्सपिअर किंवा त्याच्याआधीचं काही नेमलेलं असेल तर तळटीपा आणि ओळींचे क्रमांक असलेली आवृत्तीच घ्या. आर्डेन, नॉर्टन किंवा ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्स यांपैकी कुठलीही चालेल. जुनी प्रत घेतलीत तरी बिघडत नाही. स्वामित्वहक्क संपलेल्या कृती प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात. कादंबरीसाठी ते पुरतं, पण जुन्या कवितेसाठी आणि नाटकासाठी टीपांशिवाय अडायला होतं. लिब्रिव्हॉक्सवर अशाच कृतींची ध्वनिमुद्रणं फुकट आहेत. टप्पा ३ मध्ये ती लागतील.

शब्दकोश दोन प्रकारचे हवेत. एक विद्यार्थ्यांसाठीचा, उच्चार आणि आघाताच्या (म्हणजे शब्दात जोर कुठे द्यायचा त्याच्या) खुणा देणारा. दुसरा शब्दाचे जुने अर्थ सांगणारा. मोठी ऑक्सफर्ड डिक्शनरी ग्रंथालयात किंवा ग्रंथालयाच्या ऑनलाइन सदस्यत्वात असते का ते विचारून ठेवा. याखेरीज साहित्यिक संज्ञांचा एक कोश. बस.

सावध: टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये पानं गहाळ असतात. मी एक आख्खं नाटक चौथ्या अंकातली सहा पानं न वाचता ‘पूर्ण’ केलं होतं आणि ते वर्गात, सगळ्यांसमोर लक्षात आलं. पीडीएफ वापरणारच असाल तर आधी पानांचे क्रमांक सलग आहेत का ते बघा.

## टप्पा ३: पहिले चार आठवडे कानासाठी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

ध्वनिशास्त्र म्हणजे ४४ चिन्हं पाठ करणं, अशी समजूत आहे. ब्रिटिश प्रमाण उच्चाराच्या नेहमीच्या वर्णनात २० स्वर आणि २४ व्यंजनं धरतात, हे खरं. पण चिन्हं ऐकण्याआधी पाठ केली की विद्यार्थी स्पेलिंग बघून उच्चारचिन्हं लिहितो आणि प्रत्येक शब्दात चुकतो. क्रम असा ठेवा: ऐका, आघात कुठे पडतो ते ओळखा, शब्दाचे अवयव (सिलॅबल) मोजा, आणि मगच चिन्हं लिहा.

### ३.१ अक्षर वेगळं, ध्वनी वेगळा

हे मराठीतूनच पटवून घ्या. ‘जरा थांब’ मधला ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ मोठ्याने म्हणा. लिहायला एकच ‘ज’, पण ध्वनी दोन, आणि ध्वनी बदलला की अर्थ बदलतो. अर्थ बदलणाऱ्या अशा ध्वनीला स्वनिम म्हणतात, आणि एकाच ध्वनीच्या फरकाने वेगळ्या होणाऱ्या अशा जोडीला लघुतम युग्म.

आता उलट उदाहरण. ‘कण’ आणि ‘खण’. मराठीत श्वासाचा झोत वाढला की शब्दच बदलला. इंग्रजीत ‘किन’ मधला ‘क’ झोतासह येतो, जवळजवळ आपल्या ‘ख’कडे झुकलेला, ‘स्किन’ मधला ‘क’ कोरडा येतो. पण इंग्रजी माणसाला हे दोन वेगळे ध्वनी वाटतच नाहीत, कारण त्यांच्या अदलाबदलीने अर्थ बदलत नाही. मराठीत जे दोन स्वनिम आहेत, ते इंग्रजीत एकाच स्वनिमाचे दोन उपस्वनिम. परीक्षेत ही जोडी स्वतः समजावून लिहिणाऱ्याची उत्तरपत्रिका छापील व्याख्यांच्या गठ्ठ्यात लगेच उठून दिसते.

### ३.२ मराठी तोंडाला अडणाऱ्या जागा

‘व्ह’ आणि ‘व’. आपला ‘व’ या दोघांच्या मधे कुठेतरी असतो. ‘व्हाइन’ म्हणजे वेल, ‘वाइन’ म्हणजे दारू. पहिल्यासाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवून हवा घासत सोडायची. दुसऱ्यासाठी ओठ गोल करायचे आणि दात लागू द्यायचे नाहीत. आरशासमोर करा, लाज वाटली तरी.

‘थिंक’ आणि ‘दिस’ यांच्या सुरुवातीला आपण सरळ ‘थ’ आणि ‘द’ लावतो. इंग्रजीत तिथे हवा अडत नाही, घासत जाते. वर्गात बोलताना सवय राहिली तर राहू दे, पण लिहिताना चिन्ह घर्षक ध्वनीचंच यायला हवं.

अनेकवचनाचा ‘एस’ आणि भूतकाळाचा ‘ईडी’ यांत तर सर्रास गुण जातात. शाळेत शिकलेलं घोष-अघोष आठवा. ‘कॅट’चा शेवट अघोष, म्हणून ‘स’. ‘डॉग’चा शेवट घोष, म्हणून ‘जरा थांब’ मधल्या ‘ज’च्या जवळचा आवाज. ‘हॉर्स’च्या शेवटी आधीच सकार आहे, म्हणून एक स्वर मधे येऊन ‘हॉर्सिज’. भूतकाळातही तीच रीत: ‘वॉक्ट’, ‘प्लेड’, ‘वाँटिड’. तीन नियम, पाच मिनिटांचं काम, तरी दरवर्षी मुलं सगळीकडे ‘ड’ लावून मोकळी होतात.

### ३.३ आघात

‘फोटोग्राफ’, ‘फोटोग्राफर’, ‘फोटोग्राफिक’. पहिल्यात आघात पहिल्या अवयवावर, दुसऱ्यात दुसऱ्या, तिसऱ्यात तिसऱ्या. आघात हलला की बाकीचे स्वर दबतात आणि अस्पष्ट ‘अ’ होतात. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखं वजन देतो. तेच वजन इंग्रजीला दिलं की उच्चारलेखन चुकतं, आणि पुढे कविताही चुकते.

रोजचा सराव: वाचत असलेल्या कृतीतलेच पाच शब्द घ्या. आधी अंदाजाने उच्चारचिन्हं लिहा, मग शब्दकोशाशी ताडून लाल पेनाने दुरुस्त करा. चार आठवड्यांत सव्वाशेच्या वर शब्द होतात.

सावध: वहीत इंग्रजी उच्चार देवनागरीत उतरवून ठेवायची सवय याच महिन्यात सोडा. या लेखापुरतं ते चालून गेलं; उत्तरपत्रिकेत चालत नाही.

## टप्पा ४: वाक्य उसवायला शिका

१. वाक्यातलं मुख्य क्रियापद शोधा.
२. त्याचा कर्ता कोण, ते शोधा.
३. उरलेला प्रत्येक शब्दसमूह कशाला चिकटलाय, ते बाण काढून दाखवा.
४. पूर्ण वाक्य मराठीत, मोठ्याने, कुणाला तरी सांगतोय असं सांगा. अडखळलात तिथे तुम्हाला कळलेलं नाही.

मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’मध्ये पहिलं मुख्य क्रियापद सहाव्या ओळीत येतं. तोपर्यंत पाच ओळी फक्त कशाबद्दल गायचं याची यादी चालते. बरेच विद्यार्थी दुसऱ्या ओळीला पुस्तक मिटतात. वास्तविक मराठी वाचकाने इथे घाबरू नये. आपल्या भाषेत क्रियापद शेवटीच येतं, त्याची वाट बघण्याची आपल्याला जन्माची सवय आहे.

वाक्यरचनेच्या पेपरात ‘ओल्ड मेन अँड विमेन’ हे उदाहरण ठरलेलं असतं: फक्त पुरुष म्हातारे, की बायकाही? पाठ करण्याआधी ते मराठीत करून बघा. ‘म्हातारे पुरुष आणि बायका’ म्हटलं की ‘म्हातारे’ या रूपामुळे कान पुरुषांकडेच वळतो. बायका असत्या तर ‘म्हाताऱ्या’ आलं असतं. पण ‘हुशार मुलगे आणि मुली’ म्हणा. ‘हुशार’ लिंगाप्रमाणे बदलत नाही, आणि तीच गोची मराठीत हजर होते. इंग्रजीत विशेषण कधीच बदलत नाही, म्हणून ही संदिग्धता तिथे जास्त वेळा भेटते. उत्तरात एवढं लिहिलंत तर वृक्षाकृतीला (वाक्याचे भाग फांद्यांसारखे दाखवणाऱ्या आकृतीला) अर्थ येतो. नुसत्या फांद्या काढल्या तर तो भूमितीचा पेपर होतो.

तपासा: नेमलेल्या गद्यातलं कुठलंही पाच ओळींचं वाक्य तुम्ही दहा मिनिटांत उसवू शकता का? नसेल तर पुढे जाऊ नका, कारण पुढचा टप्पा यावरच उभा आहे.

## टप्पा ५: मूळ कृती तीनदा, गाईड त्यानंतर

पहिलं वाचन. थांबायचं नाही. पानामागे फार तर तीन शब्द शब्दकोशात बघायचे. पेन्सिलीने फक्त ‘इथे काहीतरी आहे’ अशी उभी रेघ. प्रत्येक प्रकरणानंतर किंवा प्रवेशानंतर दोन ओळी वहीत: काय घडलं, आणि मला काय खटकलं. दुसरी ओळ जास्त मोलाची. पुढे तुमची स्वतःची उत्तरं तिथूनच येतात.

दुसरं वाचन. रेघा मारलेल्या जागा फक्त. इथे भाषेच्या पेपरातली हत्यारं काढा: सर्वनामं, क्रियापदांचे काळ, वाक्यांची लांबी, पुन्हा पुन्हा येणारे शब्द, कोण कुणाला काय म्हणून हाक मारतो.

एक जागा करून दाखवतो. ‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकातला चौथा प्रवेश. आई म्हणते, ‘हॅम्लेट, दाऊ हॅस्ट दाय फादर मच ऑफेंडेड.’ मुलगा तीच ओळ फिरवून परत करतो, ‘मदर, यू हॅव्ह माय फादर मच ऑफेंडेड.’ गाईडमध्ये याखाली लिहिलेलं असतं: हॅम्लेट आईवर संतापला आहे. ते तर दिसतंच आहे. आता सर्वनामं बघा. ‘दाऊ’ म्हणजे आपलं ‘तू’, ‘यू’ म्हणजे ‘तुम्ही’. ‘दाय फादर’ म्हणजे आईचा नवा नवरा. ‘माय फादर’ म्हणजे मेलेला राजा. एकाच शब्दाने दोघं दोन वेगळ्या माणसांबद्दल बोलत आहेत.

आता मराठी वाचकाची नेमकी चूक होते ती इथे. आपल्याला वाटतं, मुलाने आईला ‘तुम्ही’ म्हटलं म्हणजे केवढा दुरावा! पण त्या काळी वडीलधाऱ्यांना ‘यू’ म्हणणं ही रीतच होती. खरी मेख आईच्या पुढच्याच ओळीत आहे. तिथे तीही ‘दाऊ’ सोडून ‘यू’वर येते. घरोघरच्या आया चिडल्या की ‘काय साहेब, झालं का तुमचं?’ म्हणतात, तसं. तुम्हाला ते ऐकू आलं की पात्राचं मन एका सर्वनामात पकडता येतं, आणि उत्तराचा एक परिच्छेद तयार होतो. तो कुठल्याच झेरॉक्समध्ये नसतो.

शब्दांचे जुने अर्थही याच वाचनात तपासा. शेक्सपिअरमध्ये ‘प्रेझेंटली’ बहुतेक वेळा ‘लगेच’ या अर्थाने येतं, आणि ‘लेट’चा अर्थ कधी ‘अडवणं’ असा, म्हणजे आजच्या बरोबर उलट. ओळखीचा शब्द जास्त फसवतो, कारण तो शब्दकोशात बघावा असं वाटतच नाही.

तिसरं वाचन. परीक्षेआधी, फक्त निवडलेल्या दहा-बारा जागांचं. त्या जागा अंक-प्रवेश किंवा प्रकरण क्रमांकासह वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

गाईड आता वाचा. चुका सापडतील, आणि त्या सापडणं हाच त्याचा उपयोग.

## टप्पा ६: कवितेचं वजन मोजताना लघु-गुरू विसरा

मराठी विद्यार्थ्याला वृत्तं माहीत असतात. मनाचे श्लोक म्हटले की भुजंगप्रयात आपोआप पायात येतं. त्यामुळे इंग्रजी ओळ दिसली की हात लघु-गुरूच्या खुणा करायला जातो. तिथेच घात होतो. आपली वृत्तं ऱ्हस्व-दीर्घावर चालतात, इंग्रजी छंद आघातावर.

घरगुती ओळ घ्या: ‘आय्ड लाइक टु हॅव अनदर कप ऑफ टी.’ मला अजून एक कप चहा हवाय. हिचे अवयव मोजा: दहा. आघात कुठे पडतात? लाइक, हॅव, ‘अनदर’मधला ‘न’, कप, टी. हलका-जड, हलका-जड, पाच वेळा. इंग्रजी कवितेतला सगळ्यात नेहमीचा पाच गणांचा छंद (इथे हलका-जड अशी एक जोडी म्हणजे एक गण) तुम्ही चहा मागताना म्हणून दाखवलात. ‘अनदर’मधल्या ‘न’चा स्वर ऱ्हस्व आहे, तरी आघात त्याच्यावर. लघु-गुरूने गेला असतात तर तिथे हमखास लघु टाकला असता.

क्रम: ओळ आधी साध्या बोलण्यासारखी म्हणा, अवयव मोजा, दोन-तीन अवयवांच्या शब्दांचे आघात शब्दकोशातून पक्के करा, मग एकावयवी शब्दांचे ठरवा, गण पाडा, आणि शेवटी ठरलेल्या चालीतून ओळ कुठे निसटते ते शोधा. गुण त्या निसटलेल्या जागेला असतात, कारण कवीने तिथे काहीतरी करून ठेवलेलं असतं. नुसतं छंदाचं नाव लिहून थांबणं म्हणजे नाडी बघून रुग्णाला ‘तुम्हाला नाडी आहे’ सांगण्यासारखं.

न पाहिलेल्या कवितेच्या प्रश्नाची तयारी करायची असेल तर मित्राला कवीचं नाव झाकून कविता द्यायला सांगा. समीक्षक आय. ए. रिचर्ड्सने केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांवर हाच प्रयोग केला आणि त्यांच्या गफलती १९२९ साली पुस्तकात छापल्या. नाव झाकलं की आपण किती ऐकीव लिहितो, ते कळतं.

## टप्पा ७: सिद्धांत म्हणजे प्रश्न

‘स्त्रीवादी दृष्टिकोन लावा’ म्हटलं की बरेच जण कृतीवर सिद्धांताचा लेप चढवतात. त्याऐवजी प्रत्येक सिद्धांतासाठी अर्ध्या पानात तीनच गोष्टी लिहा: तो कृतीला कोणता प्रश्न विचारतो, त्याचे चार-पाच हुकमी शब्द कोणते, आणि तो काय बघत नाही. मूळ निबंध नेमलेला असेल तर आधी त्यातली दोन पानं टप्पा ४ प्रमाणे उसवा, मग सारांश वाचा.

सुरुवात भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरपासून करा, कारण तो भाषेच्या आणि सिद्धांताच्या दोन्ही पेपरांत आहे. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९१६ साली, मुख्यतः विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून सहकाऱ्यांनी तयार केलं. (वर्गात नोट्स कशाला घ्यायच्या असं वाटणाऱ्यांसाठी एवढं पुरे.) शब्दाचं मूल्य शेजारच्या शब्दांमुळे ठरतं, हे त्याचं म्हणणं समजायला आपल्याला लांब जावं लागत नाही. इंग्रजीत एकटी ‘आँट’; मराठीत आत्या, मावशी, काकू, मामी. ‘मावशी’चा अर्थ उरलेल्या तिघी तिथे आहेत म्हणून तेवढा नेमका आहे. हे पक्कं झालं की संरचनावाद आणि त्यापुढचे वाद निम्मे सोपे होतात.

सावध: एका उत्तरात एकच सिद्धांत. तीन घातले की तिन्ही अर्धवट कळलेत हे परीक्षकाला पहिल्या पानावरच समजतं.

## टप्पा ८: उत्तर लिहिणं

१. प्रश्नातलं क्रियापद अधोरेखित करा. ‘डिस्कस’, ‘कंपेअर’ आणि ‘एक्स्प्लेन’ यांची उत्तरं वेगळी असतात.

२. वेळ गुणांवर वाटा. ३ तासांत ८० गुणांचा पेपर असेल तर वाचायला आणि तपासायला १५ मिनिटं काढा. उरतात १६५, म्हणजे गुणामागे साधारण २ मिनिटं. १६ गुणांच्या प्रश्नाला ३३ मिनिटं. पहिल्याच प्रश्नात तासभर घालवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

३. प्रत्येक परिच्छेदात चार पायऱ्या: माझं म्हणणं, कृतीतली जागा, त्या जागेतला भाषेचा तपशील, आणि त्यामुळे अर्थात काय फरक पडतो. तिसरी पायरी जवळजवळ सगळे गाळतात. वरचं ‘दाऊ’ आणि ‘यू’ आठवा.

४. कथानक दोन वाक्यांत. परीक्षकाने ती कृती वाचलेली असते.

५. शेवटची दहा मिनिटं फक्त भाषेच्या चुकांसाठी. आपल्या नेहमीच्या चुका ठरलेल्या आहेत. मराठीत उपपदं नाहीत, म्हणून ‘अ’ आणि ‘द’ गळतात किंवा भलतीकडे बसतात. ‘चर्चा करणे’ डोक्यात असल्याने ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ येतं. ‘वन ऑफ द’नंतर एकवचन पडतं. आणि कृतीबद्दल लिहिताना वर्तमानकाळ धरायचा असतो, तो मधेच भूतकाळात घसरतो. स्वतःच्या पाच चुकांची यादी इंटर्नलच्या तपासलेल्या पेपरांवरून काढा आणि तेवढ्याच शोधा.

सावध: समीक्षकांची अवतरणं पाठ करू नका, आणि रचू तर अजिबात नका. ‘एका थोर समीक्षकाने म्हटल्याप्रमाणे’ या वाक्याला आजवर कुणी गुण दिल्याचं मला आठवत नाही.

नेट-सेट (प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षा) देणार असाल तर निराळा अभ्यास पहिल्या वर्षी नको. नेटमध्ये सामान्य पेपरचे ५० आणि विषयाचे १०० प्रश्न ३ तासांत असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. इंग्रजीच्या दहा घटकांत भाषेच्या मूलभूत संकल्पना, भारतातलं इंग्रजी आणि संशोधनपद्धती स्वतंत्रपणे आहेत. म्हणजे ज्याने टप्पा ३ टाळला, त्याला तो इथे परत भेटतो.

## टप्पा ९: संशोधन प्रकल्प

विषय इतका लहान करा की लाज वाटावी. ‘अमुक लेखिकेच्या कादंबऱ्यांतला स्त्रीवाद’ हा विषय ग्रंथालयाच्या कपाटात डझनाने पडलेला असतो. त्याऐवजी एक कृती आणि भाषेची एक खूण घ्या. दिलीप चित्र्यांनी तुकारामांचे अभंग इंग्रजीत आणले, ते ‘सेज तुका’ या नावाने १९९१ साली पुस्तकरूपात आले. त्यातले दहा अभंग गाथेशेजारी ठेवून फक्त ‘तुका म्हणे’च्या ओळीचं काय होतं, एवढंच बघितलं तरी प्रकल्प उभा राहतो. इथे मराठी येणं ही तुमची जमेची बाजू आहे. ती लपवण्याची धडपड बरेच जण का करतात, मला कळलेलं नाही.

क्रम: आधी मूळ कृतीतून नोंदी, मग प्रश्न, मग इतरांचं लेखन, मग मधली प्रकरणं, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. प्रस्तावनेपासून सुरुवात करणारे तिथेच महिनाभर अडकतात.

संदर्भ पहिल्या दिवसापासून, पानक्रमांकासह. बहुतेक इंग्रजी विभाग एमएलए पद्धत (संदर्भ लिहिण्याची एक ठरलेली रीत) मागतात. तिची नववी आवृत्ती २०२१ची आहे. आपल्या विभागाला कोणती हवी ते विचारून घ्या. वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम पदव्युत्तर प्रबंधिकेलाही लागू आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही; त्याच्या वर ४० टक्क्यांपर्यंत गेलात तर सुधारून पुन्हा सादर करावं लागतं. शब्द बदलून उतरवलेलं सॉफ्टवेअरमधून सुटतं, मार्गदर्शकाच्या नजरेतून बहुधा सुटत नाही. चॅटबॉटकडून संदर्भयादी घेतलीत तर त्यातलं प्रत्येक पुस्तक खरोखर अस्तित्वात आहे का, हे ग्रंथालयाच्या यादीत शोधून बघा.

तोंडी परीक्षेला जाताना प्रकल्पाच्या प्रतीसोबत मूळ पुस्तकही न्या, पेन्सिलीच्या रेघांसकट. कागदी चिठ्ठ्या लावून पाच जागा आधीच काढून ठेवा. परीक्षक पहिल्या पाच मिनिटांत हमखास म्हणतात, ‘कुठे आहे हे? दाखवा.’